थेंब इथं, भोक तिथं : फाटक्या हुडाची दुरुस्ती

आज आम्ही जीपच्या फाटक्या हुडाबद्दल बोलणार म्हटल्यावर आमच्याच गटातल्या दोघीतिघी हसल्या. ‘बायकांच्या कार्यक्रमात हूड कशाला? भरतकाम सांगा की!’ असं त्यांचं म्हणणं. पण ज्या गटाकडं हूडवाली जीप आहे, जिच्या घरी रिक्षा आहे, जिची चटणी, पापड, भाजी किंवा दूध अशा गाडीतून बाजाराला जातं, तिला हा विषय चुलीइतकाच जवळचा आहे. आणि हे शेवटी शिवणकामच आहे. फक्त आपण आजवर जे शिवत आलो त्याच्या नेमकं उलट.

आमची गोष्ट आधी सांगतो. गगनबावडा रस्त्याला आमचं गाव. आमच्या दोन गटांनी मिळून एक जुनी जीप घेतली. वर पत्रा नाही. लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ओढून बांधलेलं काळं रेक्झिनचं हूड. उन्हाळ्यात मागं दुमडून ठेवता येतं, पावसाळ्यात ओढून घ्यायचं. जीप चालवते आमच्यातलीच एक सून. ती पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसली तेव्हा पारावरची मंडळी उठून उभी राहिली होती. मानानं नव्हे, बाजूला व्हायला!

चैत्र-वैशाखात आम्ही कांदा-लसूण चटणी करतो. मिरची वाळवायची, मसाले भाजायचे, कांडपावरून कांडून आणायची आणि मागणीप्रमाणं कोल्हापूरला पोचवायची. त्या वर्षी शेवटची खेप जूनमध्ये निघाली. कळे सोडलं तोवर कोरडं होतं. बालिंग्याच्या अलीकडं पाऊस असा आला की पुढचं दिसेना. फुलेवाडीत थांबून मागं बघितलं तर दोन पोती ओली. चटणीला पाणी लागलं की संपलं. वरची बाजूला काढून खालची ठेवू म्हणता येत नाही, कारण ओल आत झिरपलेली असते आणि चार दिवसांत बुरशी धरते. दोन्ही पोती गेली. त्या महिन्याचा कर्जाचा हप्ता त्या पैशातून भरायचा होता. तो आम्ही प्रत्येकीनं घरातून, कुणी अंड्यांचे, कुणी शेणीचे पैसे काढून भरला.

खरी टोचणी पुढं आहे. हूड गळतंय हे आम्हाला ठाऊक होतं. मे महिन्यातल्या वळवातच थेंब पडलेला दिसला होता. जिथं थेंब पडत होता त्याच्या बरोबर वर आम्ही बाहेरून रेक्झिनचा तुकडा लावला होता, झटपट चिकटणाऱ्या गोंदानं. दोन मिनिटांत घट्ट बसला. आम्ही खूश. म्हणजे दुरुस्ती केलेल्या गाडीतून आमची चटणी भिजली.

मग उद्यमनगरातल्या एका कुशनवाल्याकडं जीप नेली. त्यानं हूड खालून बघितलं, वरून बघितलं, आणि विचारलं, ‘ठिगळ इथं का लावलंय?’ म्हटलं, ‘पाणी इथंच पडतंय.’ तो म्हणाला, ‘थेंब इथं पडतोय मावशी, भोक तिकडं आहे.’ त्याचं बोट होतं पार पुढं, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या नळीपाशी. तिथं नळी आवळणाऱ्या पट्टीचा एक स्क्रू वर आला होता. त्यानं घासून घासून शिवणीशेजारी करंगळीच्या नखाएवढं भोक पाडलं होतं. पाणी तिथून आत यायचं, हुडाच्या आतल्या कापडाला धरून उताराला लागायचं आणि हातभर मागं, जिथं कापड थोडं खाली लोंबलं होतं तिथं, टपकायचं. आम्ही चांगल्या जागेला ठिगळ लावून बसलो होतो. वर त्या गोंदानं आणखी एक घोटाळा केला होता, तो पुढं सांगतो.

त्यानं नव्या हुडाचा जो आकडा सांगितला तो आमच्या दोन महिन्यांच्या बचतीएवढा होता. पण माणूस सरळ. म्हणाला, ‘ह्या रेक्झिनात अजून जीव आहे, नवं घ्यायची घाई करू नका.’ आणि बसवून शिकवलं. पुढं जे सांगतोय त्यातलं निम्मं त्याच्याकडून, आणि निम्मं आमच्या चुकांतून.

आधी हे रेक्झिन म्हणजे काय ते बघू. फाटलेल्या कडेला निरखून बघा, दोन थर दिसतील. खाली कापड, वर प्लॅस्टिकचा लेप. ह्या प्लॅस्टिकला पीव्हीसी किंवा व्हिनाइल म्हणतात. रेक्झिन हे नाव खरं तर इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या हाइड गावच्या एका कंपनीच्या मालाचं. तिचा लेप वेगळ्याच पदार्थाचा होता, पण नाव आपल्याकडं असं रुळलं की आता सगळ्याच नकली चामड्याला आपण रेक्झिन म्हणतो. व्हिनाइल मुळात कडक असतं, नळाच्या पांढऱ्या पाइपासारखं. ते मऊ कसं करायचं हे अमेरिकेतल्या वॉल्डो सेमन नावाच्या संशोधकानं १९२६ मध्ये शोधलं. त्यात तेलासारखा एक पदार्थ मुरवला की ते चामड्यासारखं वळतं. आपल्या रिक्षाचं हूड, जीपचं हूड, आणि सिनेमात दिसणाऱ्या छत मागं दुमडणाऱ्या मोटारींपैकी बऱ्याच मोटारींचं छत, सगळं ह्याच जातीचं.

भाकरीच्या पिठाला पाणी कमी पडलं की कडा चिरतात ना, तसंच इथं होतं. ऊन आणि उष्णता लागून तो मऊपणा देणारा पदार्थ वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातो, आणि उन्हानं प्लॅस्टिकही कमजोर होतं. मग हूड दुमडलं की घडीवर चिरा पडतात. आपल्या जिल्ह्यात एका टोकाला गगनबावडा, जिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि दुसऱ्या टोकाला शिरोळ, जिथं त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. शिरोळकडच्या मैत्रिणींचं हूड उन्हानं चिरतं, आमचं आतल्या बाजूनं ओलीनं कुजतं. म्हणून दोघींची काळजीही वेगळी.

ह्या दोन थरांची कामं वेगवेगळी आहेत. ताण सोसतं ते खालचं कापड. पाणी अडवतो तो वरचा लेप. म्हणून दुरुस्तीही दोन करायच्या असतात, एक कापडाची आणि एक लेपाची. आम्ही वरून तुकडा चिकटवला तेव्हा दोन्हीपैकी एकही केली नव्हती.

आता शिवणकाम. आपल्या सगळ्यांचा हात वाकळ शिवून तयार झालेला. वाकळेत टाका जितका जवळ तितकी वाकळ टिकाऊ. सुई काढली की भोक मिटतं, धागे परत जवळ येतात. रेक्झिनचं तसं नाही. सुईनं पाडलेलं भोक कायमचं. आणि भोकं जवळजवळ पाडली की काय होतं? पोस्टाच्या तिकिटाच्या कडेनं तिकीट जसं सहज फाटतं तसंच हूड त्या ओळीवर फाटतं. आमच्यातल्या सगळ्यात सुबक वाकळ शिवणाऱ्या आक्कांनी सरावासाठी एका जुन्या तुकड्यावर इतके बारीक टाके घातले की बघत राहावं. दोन्ही बाजूंनी ओढलं तर तुकडा त्याच ओळीवर टर्रकन फाटला. आक्का दोन दिवस बोलल्या नाहीत.

वाट दाखवली ती आमच्यातल्या एका काकींनी. त्यांचं माहेर चप्पल करणाऱ्यांचं, कोल्हापुरी चपलेची वेणी घालत त्या मोठ्या झाल्या. त्या म्हणाल्या, चामड्याला आणि ह्याला एकच न्याय. भोकं कमी पाडायची, सारख्या अंतरावर पाडायची आणि प्रत्येक भोकातून दोऱ्याच्या दोन्ही टोकांच्या सुया समोरासमोरून काढायच्या. म्हणजे एके ठिकाणी दोरा तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही. अंतर किती? दोन टाक्यांत जोंधळ्याचा एक टपोरा दाणा बसेल एवढं. त्याहून जवळ नको.

सुईच्या भोकांचं हे दुखणं फार जुनं आहे. १८२३ मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन पाणी न झिरपणारं कापड केलं आणि त्याचे रेनकोट निघाले. कापड पक्कं, पण शिंप्यांनी शिवलं की शिवणीतून पाणी आत. शिंप्याचा हात खराब नव्हता. भोक पडलं की पाण्याला वाट मिळणारच. जुन्या जीपगाड्यांना जाड सुती कापडाचं हूड असायचं, त्याला हा त्रास कमी होता. सुती दोरा भिजला की फुगतो आणि आपलं भोक आपणच बुजवतो. पण आमच्याकडच्या पावसात सुती दोरा कुजतोही लवकर. म्हणून रेक्झिनला पॉलिएस्टरचा दोरा घ्यायचा. तो कुजत नाही, पण फुगतही नाही. भोकं आपल्याला बुजवावी लागतात. नायलॉनचा दोरा मजबूत म्हणून घ्याल, पण तो उन्हात पॉलिएस्टरपेक्षा लवकर कमजोर होतो. आम्ही मेणबत्तीवरून दोन-तीनदा दोरा ओढून घेतो, सुरळीत चालतो आणि भोकात घट्ट बसतो.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्यात आधी भोक शोधायचं. दुपारच्या उन्हात हूड ओढून बांधा, बाजूचे पडदे सोडा, आत अंधार करा आणि नुसतं वर बघत बसा. भोकं चांदण्यांसारखी दिसतात. जी दिसतील त्यांच्याभोवती आतून खडूनं गोल करा. बारीक चीर अशी दिसत नाही, तिच्यासाठी झारीनं पाणी घालायचं. पण खालून वर. आधी खालच्या कडेवर पाणी, मग थोडं वर, मग आणखी वर. आत एकीनं बॅटरी घेऊन बसायचं. ज्या पातळीला पाणी घातल्यावर आत ओल आली, त्याच पातळीला भोक. एकदम वरून बादली ओतली की पाणी कुठून शिरलं ते कळत नाही, आमच्यासारखा घोटाळा होतो.

भोक सापडलं की ते का पडलं ते बघा. आमच्याकडं स्क्रू होता. कुठं नळीला गंज चढून खरबरीत झालेलं असतं, कुठं दोरी काचते. कारण तसंच ठेवून वर कितीही चांगलं ठिगळ लावा, दोन महिन्यांत तेच भोक परत हजर. नळी काचकागदानं घासून गुळगुळीत करा आणि त्यावर जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि आमच्या मते सगळ्या दुरुस्तीतलं सगळ्यात मोलाचं.

मग रेक्झिनात जीव आहे का ते बघा. फाटलेल्या जागेशेजारची कड चिमटीत धरून दुमडा. वळली आणि परत सरळ झाली तर जीव आहे. चिरली, पापुद्रे निघाले, बोटाला भुकटी लागली तर थांबा. असं हूड शिवणं म्हणजे वाळल्या पानाला टाके घालणं. तिथं नवंच घ्यावं लागतं, आणि त्यात कंजूषपणा करू नये.

साहित्य फार नाही. फाटेपेक्षा चारही बाजूंनी तीन बोटं मोठा रेक्झिनचा तुकडा, कुशनवाले वापरतात तो पिवळसर रबरी गोंद, पॉलिएस्टरचा जाड दोरा, दोन बारीक सुया आणि भोक पाडायला चांभाराची बारीक आरी. दाभण नको. दाभणानं पडलेलं भोक दोऱ्याच्या तिप्पट असतं आणि मग ते बुजवत बसावं लागतं. शेवटी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पॉलियुरेथेन सीलंटची नळी. दुकानदार हटकून सिलिकॉनची देईल, ती घेऊ नका. सिलिकॉन रेक्झिनला नीट धरत नाही, आणि ज्या जागेला एकदा ते लागलं तिथं नंतर दुसरं काहीच चिकटत नाही. पंक्चरचं सोल्यूशनही नको. रेक्झिनातला तो तेलकट पदार्थ त्याला हळूहळू सैल करतो.

कोरडा दिवस निवडा, पण भर दुपार नको. उन्हात रेक्झिन सैल पडतं, तेव्हा बसवलेलं ठिगळ संध्याकाळी गार झाल्यावर आक्रसतं. शक्य असेल तर हूड उतरवून अंगणात घ्या. नाहीतर दोऱ्या तरी सोडा. फाटेचे दोन्ही ओठ न ओढता एकमेकांना भेटले पाहिजेत. साबणाच्या पाण्यानं आतबाहेर धुवा आणि पूर्ण वाळू द्या. बाहेरच्या बाजूला तेलकट मेण चढलेलं असतं, बरेचजण चकाकी यावी म्हणून हुडाला तेल पुसतात. ते दवाखान्यातल्या स्पिरिटच्या फडक्यानं पुसून काढा. रॉकेल किंवा पेट्रोल लावू नका. मळ निघतो, पण रेक्झिनचा मऊपणाही घेऊन जातो.

ठिगळ आतून लावायचं. हे आम्हाला आधी पटलं नव्हतं. पाणी बाहेरून येतं मग ठिगळ आतून कशाला? कारण गोंद गुळगुळीत प्लॅस्टिकपेक्षा कापडाला जास्त घट्ट धरतो आणि हुडाचं कापड आतल्या बाजूला असतं. शिवाय ताण सोसायचा आहे तो कापडालाच. ठिगळाची कापडी बाजू हुडाच्या कापडाला भिडली पाहिजे. ठिगळाचे कोपरे कात्रीनं गोल करा. टोकदार कोपरा आधी सुटतो, तिथून बाकीचं उचलतं.

गोंद दोन्हीकडं पातळ लावा, ठिगळाला आणि हुडालाही, आणि लगेच चिकटवू नका. इथं सगळ्यांची घाई होते. दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोट लावलं तर चिकट वाटेल पण बोटाला तार येणार नाही, तेव्हा तो तयार झाला. मग एकीनं बाहेरून फाटेचे ओठ जुळवून धरायचे, दुसरीनं आतून ठिगळ मधून कडेकडं दाबत न्यायचं. हा गोंद एकदा भिडला की सरकवता येत नाही. खाली पाट धरून वरून जुन्या लाटण्यानं दाबलं की बसतं. मात्र ते लाटणं परत स्वयंपाकघरात आणायचं नाही. ह्या गोंदाची वाफ डोक्यात जाते आणि ती पेट घेते. काम अंगणात करायचं, चूल, देवापुढचा दिवा, विडी सगळं लांब. अंगावर पिणारं मूल असेल तिनं ह्या कामाला बसू नये. आम्ही तसा नियमच केला आहे.

एक दिवस वजन ठेवून राहू द्या. दुसऱ्या दिवशी टाके. ठिगळाच्या कडेपासून अर्धं बोट आत, चहूबाजूंनी एकच ओळ, जोंधळ्याच्या अंतरानं. फाटेचे ओठ एकमेकांना शिवत बसू नका. ते गोंदानं आणि ठिगळानं धरलेले आहेत, तिथं आणखी भोकं पाडली तर फाट वाढायला आमंत्रण. दोरा ओढताना रेक्झिनला सुरकुती पडली की जास्त ओढला असं समजायचं. हूड उतरवलेलं असेल तर शिलाई मशीनवरही होतं. अठरा नंबरची सुई, मशीनचा सगळ्यात लांब टाका. मशीनचा पाय रेक्झिनला चिकटून अडतो, तेव्हा वर पातळ कागद ठेवून त्यावरून शिवायचं आणि मग कागद फाडून काढायचा.

आता दुसरी दुरुस्ती, लेपाची. बाहेरून फाटेच्या रेषेवर आणि टाक्यांच्या ओळीवर सीलंटची बारीक रेघ ओढा आणि जुन्या रेशन कार्डाच्या कव्हराने किंवा कुठल्याही जाड पुठ्ठ्यानं सपाट करा. उंचवटा ठेवू नका, पाणी त्यापाशी अडतं आणि मुरायला बघतं. दोन्ही बाजूंना आधी चिकटपट्टी लावली तर काम सुबक होतं. रात्रभर हात लावू नका.

फाट वीतभराहून मोठी असेल तर आतल्या ठिगळावर भागत नाही, बाहेरूनही एक तुकडा लागतो. तो लावताना आपल्या घराची कौलं आठवा. वरचं कौल खालच्यावर चढलेलं असतं, म्हणून पाणी ओघळून जातं. बाहेरच्या ठिगळाची वरची कड उघडी राहिली तर पाणी सरळ तिच्या मागं शिरतं. ती कड वरच्या शिवणीखाली सरकवून मग शिवायची. शिवण लांब असेल तर हे काम कुशनवाल्यालाच द्या. आम्ही एकदा केलं, गळती थांबली, पण हूड एका बाजूला ओढलं गेलं आणि पडद्याची बटणं लागेनाशी झाली.

हुडाला मागं पारदर्शक खिडकी असते, ती शिवायचा प्रयत्न करू नका. तिला मागं कापड नाही, टाका घातला की तिथूनच चीर जाते. ती चिरली तर सगळा चौकोन बदलायचा. मागचं दिसणं हा जिवाचा प्रश्न आहे. आमची ड्रायव्हर सून तर म्हणते, एक वेळ चटणी भिजली तरी चालेल, मागचा ट्रक दिसला पाहिजे.

आमच्या त्या झटपट गोंदाचा घोटाळा सांगायचा राहिला. तो वाळल्यावर काचेसारखा कडक होतो. हूड सारखं हलतं, फडफडतं. मऊ रेक्झिन आणि कडक गोंद जिथं भेटतात तिथं सगळा मोड एकाच रेषेवर येतो. आमच्या ठिगळाच्या कडेनं महिनाभरात नवी चीर गेली. म्हणजे जुनं भोक तसंच आणि चांगल्या जागेला एक नवं, आम्हीच पाडलेलं. कुशनवाल्यानं ते दाखवलं तेव्हा आम्ही एकमेकींकडं बघितलं नाही.

दुरुस्तीनंतर काळजी साधी आहे. ओलं हूड दुमडून ठेवायचं नाही, आतलं कापड कुजतं. थंडीतल्या पहाटे दुमडायचं नाही, तेव्हा रेक्झिन कडक असतं. ऊन येऊ द्या, मग दुमडा. दर वेळी त्याच रेषेवर घडी पडू देऊ नका. जीप सावलीत उभी करा, पण चिंचेखाली नको, बगळ्या-कावळ्यांची घाण रेक्झिनवर राहिली तर डाग धरतो. ती दिसली की लगेच पाण्यानं धुवायची.

काही गट विचारतात, हे काम शिकून धंदा होईल का? रिक्षांची हुडं, मळणी यंत्राची झाकणं, ताडपत्र्या, गोठ्याचे पडदे, काम पुष्कळ आहे. पण ते सगळं मे अखेरीला एकदम येतं आणि जुलैत संपतं. ज्यांच्याकडं जाड कापड शिवणारं मशीन आधीच आहे त्यांनी जरूर करावं. फक्त ह्यासाठी कर्ज काढून मशीन घेऊ नये, असं आमचं मत. आम्ही स्वतःची जीप आणि शेजारच्या दोन रिक्षा करतो, तेवढं पुरतं.

त्या जूननंतर दोन पावसाळे ते ठिगळ टिकलं आहे. तिसऱ्याच्या आधी, रोहिणीच्या पावसाची वाट न बघता, आम्ही परत अंधार करून आत बसलो. पुढची जागा कोरडी होती. मागच्या डाव्या कोपऱ्यात मात्र एक चांदणी दिसली. दोरीची कडी ओढून तिथलं भोक लांबलं होतं. आक्कांनी खडूनं गोल केला आणि आरी मागितली. ड्रायव्हरच्या सीटखाली आता आमचा एक डबा असतो : दोन सुया, मेण लावलेला दोरा, आरी, रेक्झिनचे चार तुकडे आणि खडू. गोंद त्यात ठेवत नाही, उन्हात गाडी तापते म्हणून. चटणीची पोती निघायच्या आदल्या आठवड्यात आधी तो डबा उघडतो, मग कांडपाला नंबर लावतो.